जुना गेम उजळावा की नवा घडवावा: ठरवण्यापूर्वी करायची तपासणी

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या फाउंड्रीत जुन्या यंत्राचा झिजलेला भाग घेऊन गेले, की बाकीची चौकशी होण्यापूर्वी एक प्रश्न हमखास येतो: "पॅटर्न हाय काय?" ज्याच्यावरून वाळूत साचा उठवतात तो लाकडी किंवा धातूचा नमुना, म्हणजे पॅटर्न, जपून ठेवलेला असेल तर तसाच दुसरा भाग ओतून मिळणे हे काही दिवसांचे काम असते. पॅटर्न नसेल तर झिजलेल्या भागावरूनच मापे काढावी लागतात, घासल्या गेलेल्या जागी मूळ जाडी किती असेल याचा अदमास बांधावा लागतो, आणि पुष्कळदा जाणता कारागीर सगळे उलटसुलट करून पाहिल्यावर सांगतो की एवढ्या उपद्व्यापात नवीनच करून घ्या. जुन्या व्हिडिओ गेमचे रीमास्टर करावे, म्हणजे तोच गेम उजळून पुन्हा आणावा, की तीच माणसे आणि तोच पैसा नव्या गेमला लावावा, हा प्रश्न आमच्यापुढे आला तेव्हा मला उद्यमनगरातील हाच प्रश्न सर्वांत उपयोगी पडला.

राजारामपुरीत आम्ही चौघे मिळून मोबाइलसाठी लहान गेम तयार करतो. २०१२ मध्ये आम्ही कुस्तीचा एक गेम केला होता. त्यात लाल मातीचा हौदा होता, हलगी होती, ढाक, कलाजंग, धोबीपछाड असे मोजके डाव होते आणि प्रतिस्पर्धी चितपट झाला की फेटे उडत. जुने खेळाडू अधूनमधून "तो परत आणा" म्हणत असत, म्हणून २०२३ मध्ये आम्ही त्याचे रीमास्टर करण्याचा विचार गांभीर्याने हाती घेतला. पुढील सूचना त्या तपासणीतून तयार झाल्या असून त्या दोन ते पाच जणांच्या गटांसाठी आहेत. मोठ्या कंपन्यांची उदाहरणे मी दिली आहेत ती त्यांचे यशापयश सर्वांसमोर घडले म्हणून; त्यांचा जमाखर्च आपल्याला लागू पडत नाही, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. गेमचे वेष्टन जुने झाले असेल, म्हणजे पडदा बदलला, फोन बदलला, बटणांची जागा बदलली, पण खेळ अजून हाताला गोड लागत असेल, तर रीमास्टर करावे. खेळाचे नियमच बदलावेसे वाटू लागले, तर नवा गेम करावा आणि जुन्याचे नाव त्याला चिकटवण्यापूर्वी दहादा विचार करावा. अडचण एवढीच की नेमके काय झिजले आहे हे आठवणीवरून कळत नाही.

आधी शब्द पक्के करावेत

पोर्ट, रीमास्टर आणि रीमेक हे तीन शब्द जाहिरातींत एकमेकांच्या जागी वापरले जातात, त्यामुळे गटातील प्रत्येक जण वेगळ्याच कामाचा अंदाज मनात धरून बसतो. जुना गेम आहे तसा नव्या यंत्रावर चालवणे म्हणजे पोर्ट. नियम, पातळ्या आणि हालचाली तशाच ठेवून चित्र, ध्वनी आणि नियंत्रणे सुधारणे म्हणजे रीमास्टर. मूळ कल्पना घेऊन सर्व काही पुन्हा उभे करणे म्हणजे रीमेक. 'शॅडो ऑफ द कोलोसस' या एकाच गेमवर हा फरक नीट पाहता येतो. २००५ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेल्या या गेमचे ब्ल्यूपॉइंट या स्टुडिओने २०११ मध्ये रीमास्टर केले, तेव्हा चित्र अधिक रेखीव आणि हालचाल अधिक सफाईदार झाली. त्याच स्टुडिओने २०१८ मध्ये त्याचा रीमेक केला, तेव्हा दगड, गवत, राक्षस असे सगळे नव्याने घडवावे लागले. याहून पुढचे टोक म्हणजे 'रेसिडेंट ईव्हिल २'. १९९८ च्या मूळ गेममध्ये कॅमेरा एका जागी खिळलेला असे, तर २०१९ च्या रीमेकमध्ये तो पात्राच्या खांद्यामागे गेला आणि भीती निर्माण करण्याची रीतच बदलली. माझ्या मते तो जुन्या कथेवरचा नवा गेमच आहे, आणि त्याला खर्चही नव्या गेमसारखाच धरला पाहिजे.

आपल्या गटाने पहिल्याच बैठकीत एका कागदावर लिहून ठेवावे की या तिन्हींपैकी आपण कशाविषयी बोलत आहोत. आमच्या पहिल्या बैठकीत चित्रकाराच्या मनात रीमेक होता, माझ्या मनात पोर्ट होता आणि दोघेही तोंडाने रीमास्टर म्हणत होतो.

मूळ गेम दोन माणसांच्या हाती द्यावा

या टप्प्यासाठी जुने यंत्र शोधून काढावे. नव्या फोनवर किंवा संगणकावरील एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रणालीवर) जुना गेम चालवल्यास त्याचा वेग आणि पडद्याचा आकार बदलतो, त्यामुळे निष्कर्ष चुकतात. आम्हाला २०१२ सालचा एक हँडसेट टेबलाच्या खणात सापडला. बॅटरी धरत नसल्याने तो चार्जरला लावूनच चालवावा लागला.

खेळायला दोन माणसे बसवावीत: एक ज्याने तो गेम त्या काळी भरपूर खेळला आहे आणि दुसरा ज्याने तो कधी पाहिलेलाही नाही. दोघांना वेगवेगळे बसवावे, काहीही समजावून सांगू नये आणि त्यांच्या चेहऱ्याऐवजी अंगठ्यांकडे पाहावे. आमचा दुसरा खेळाडू म्हणजे माझा आठवीतला भाचा. त्याने पहिल्या कुस्तीत ढाकेचे बटण दाबले, पैलवान हलला नाही, म्हणून आणखी तीनदा दाबले, आणि तोवर प्रतिस्पर्ध्याने त्याला मातीत घातले. "मामा, दाबलंय की मी! ह्यो गडी हलंनाच," असे म्हणून त्याने फोन माझ्यासमोर धरला. गेम बिघडला आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते.

दुसऱ्या फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून आम्ही गेमच्या फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी स्थिर चित्रे, मोजल्या. बटण दाबल्यापासून पैलवानाचा हात उठेपर्यंत बारा फ्रेम जात होत्या. गेम सेकंदाला तीस फ्रेमने चालत असल्याने हा विलंब ०.४ सेकंदांचा होता. तो आमच्याच हातचा होता. त्या काळच्या स्वस्त फोनवर दोन हालचाली एकमेकींत मिसळणे जड जात असे, म्हणून चालू हालचाल पूर्ण झाल्याशिवाय पुढची सुरू होऊ द्यायची नाही असे आम्ही ठरवले होते, आणि पुढे विसरून गेलो होतो. नवल वाटले ते जुन्या खेळाडूचे. हा आमचा एक मित्र. त्याने सलग चार कुस्त्या मारल्या आणि गेम अजून पूर्वीसारखाच चपळ आहे असे सांगितले. चित्रण पाहिले तेव्हा कळले की त्याचा अंगठा बटण एकदाच दाबून आपसूक थांबत होता. तो विलंब त्याच्या हाताने दहा वर्षांपूर्वीच पचवला होता, त्यामुळे त्याला तो जाणवतच नव्हता.

यावर सोपा उपाय दिसतो: विलंब काढून टाकावा. आम्ही तसा प्रयोग केला. प्रतिस्पर्ध्याच्या चाली ठरवणारे सारे हिशेब त्या बारा फ्रेमच्या आधारावर बांधलेले होते. विलंब जाताच तो बचाव करण्याआधीच पडू लागला, आणि दर कुस्ती काही क्षणांत आटोपू लागली. त्याला सावरायचे तर त्याची बुद्धी नव्याने लिहायची, ती लिहिली की डावांचे गुण बदलायचे, गुण बदलले की दमाची पट्टी बदलायची. रीमास्टरच्या नावाखाली आपण नवा गेम करायला निघालो आहोत, हे त्या दुपारी आमच्या ध्यानात आले.

म्हणून या टप्प्यावर मिळालेल्या तक्रारी दोन रकान्यांत लिहाव्यात. "अक्षरे बारीक आहेत", "नव्या फोनवर कडेला काळ्या पट्ट्या येतात", "हलगीचा आवाज फाटतो" या तक्रारी वेष्टनाच्या रकान्यात जातात. "डाव वेळेवर लागत नाही", "तिसऱ्या पैलवानानंतर कंटाळा येतो" या नियमांच्या रकान्यात. नवख्या खेळाडूच्या निम्म्याहून अधिक तक्रारी दुसऱ्या रकान्यात पडल्या, तर रीमास्टरचा विचार तिथेच थांबवावा असे मी सुचवीन. जुन्या खेळाडूच्या तक्रारींना या मोजणीत धरू नये. त्याचा उपयोग काय बदलू नये हे कळण्यासाठी आहे.

पॅटर्न शिल्लक आहे का ते पाहावे

हाती गेम आहे याचा अर्थ त्याचा सोर्स कोड, म्हणजे ज्यापासून गेम बनतो तो माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, हाती आहे असा होत नाही. ॲपच्या दुकानातून उतरवलेली फाइल म्हणजे ओतून झालेला भाग. पॅटर्न म्हणजे सोर्स कोड, चित्रांच्या थरांसहित मूळ फाइली, न दाबलेले (फाइल लहान करण्यासाठी दर्जा न घटवलेले) ध्वनिमुद्रण, पातळ्या तयार करण्यासाठी केलेली छोटी साधने, आणि हे सगळे जोडून गेम कसा बनवायचा याचे टिपण. शेवटची गोष्ट हमखास हरवलेली असते, कारण ती कुणी लिहिलेलीच नसते.

मोठ्या कंपन्यांनीही हे गमावले आहे. २००२ च्या 'किंगडम हार्ट्स'चे २०१३ मध्ये एचडी, म्हणजे अधिक रेखीव चित्राचे, संकलन करताना स्क्वेअर एनिक्सला मूळ सामग्री सापडली नाही, आणि पुष्कळ भाग प्रकाशित गेमवरून पुन्हा तयार करावा लागला. 'सायलेंट हिल'च्या २०१२ मधील एचडी संचाची कथा याहून बोलकी आहे: काम करणाऱ्या स्टुडिओला मिळालेला कोड अंतिम आवृत्तीचा नव्हता, त्यामुळे मूळ निर्मात्यांनी बाजारात येण्यापूर्वी दुरुस्त केलेले दोष त्यांना पुन्हा शोधून पुन्हा दुरुस्त करावे लागले. सुदैवाचे उदाहरणही आहे. १९८९ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे कर्ते जॉर्डन मेकनर यांना ॲपल २ या संगणकासाठी लिहिलेला मूळ सोर्स कोड हरवला असेच वाटत होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना जुन्या खोक्यात फ्लॉप्या सापडल्या आणि तो कोड मेकनर यांनी सर्वांसाठी खुला केला. असे खोके आपल्या घरी असेल यावर मात्र अंदाजपत्रक बांधू नये.

आमचे ऑफिस ऑगस्ट २०१९ मध्ये शाहूपुरीत तळमजल्यावर होते. पंचगंगेचे पाणी आले तेव्हा लॅपटॉप आम्ही वर नेले, पण जुन्या कामांची हार्ड डिस्क खालच्या कपाटात राहिली. दुरुस्तीवाल्याने ती उघडून दाखवली. आत गाळाचा पातळ थर होता. नंतर शोधाशोध केली तेव्हा एका पेनड्राइव्हवर हलगीचे मूळ ध्वनिमुद्रण निघाले, चित्रकाराच्या घरी पैलवानांची कागदावरील रेखाटने निघाली आणि मित्राच्या ईमेलमध्ये सोर्स कोडची २०१३ मधील एक प्रत निघाली. कोड युनिटीस्क्रिप्ट या भाषेत होता. युनिटी या गेम बनवण्याच्या इंजिनने ती भाषा २०१७ पासून बंद करत आणली, त्यामुळे मिळालेली प्रत आजच्या आवृत्तीत उघडतच नव्हती. तिची प्रत्येक ओळ सी शार्प या दुसऱ्या भाषेत उतरवणे भाग होते. चित्रांच्या मूळ फाइली गेल्याच. प्रकाशित गेममधून काढलेली चित्रे त्या काळच्या फोनसाठी इतकी दाबलेली होती, की मोठ्या पडद्यावर फेट्याचे पीळ ओळखू येईनात.

सामग्री मोजताना "आहे" आणि "नाही" असे न लिहिता "उघडून चालवून पाहिले" आणि "पाहिले नाही" असे लिहावे. त्यानंतर एका माणसाला ठरावीक मुदत द्यावी. आम्ही दोन आठवडे दिले होते. त्या मुदतीत जुना कोड आजच्या संगणकावर बांधून, आजच्या फोनवर पहिला पडदा दिसला पाहिजे. दिसला नाही तर पुढचा सारा खर्च रीमेकच्या दराने धरावा. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ पासून ३२-बिट (जुन्या धाटणीच्या प्रोसेसरसाठी बांधलेले) ॲप चालवणे बंद केले, गूगल प्लेने ऑगस्ट २०१९ पासून ६४-बिट आवृत्ती बंधनकारक केली, आणि ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या फ्लॅश या प्रणालीचा आधार २०२० अखेर संपला. आपला गेम यांपैकी कोणत्या दरवाजात अडकला आहे, हे या दोन आठवड्यांतच उघड होते.

कागदपत्रे

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच तो लोक शेवटी ठेवतात. 'अलन वेक' हा २०१० चा गेम गाण्यांचे परवाने संपल्यामुळे मे २०१७ मध्ये विक्रीतून काढावा लागला आणि परवाने नव्याने मिळाल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये परतला. 'नो वन लिव्ह्ज फॉरेव्हर' या २००० सालच्या गेमचे पुनरुज्जीवन करण्याचा नाइटडाइव्ह स्टुडिओने प्रयत्न केला, पण कोणत्या कंपनीकडे नेमके कोणते हक्क आहेत याचा उलगडा होईना, म्हणून तो सोडावा लागला.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक-प्रणाली साहित्यकृतीत मोडते. नोकरीवर असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, मालक-संस्था असते. पण मित्राने बाहेरून लिहून दिलेला कोड, त्याला पैसे दिले असले तरी, लेखी हस्तांतरणाशिवाय त्याचाच राहतो. लेखी करार असला तरी त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. २०१२ मध्ये केलेला असा मोघम करार कधीच संपलेला आहे. आमच्या गेममधील प्रतिस्पर्ध्याची बुद्धी ज्या मित्राने लिहिली तो आमच्याकडे नोकरीला नव्हता आणि कागद तर एकही नव्हता. मैत्री टिकून होती म्हणून त्याने तासाभरात पत्र करून दिले. ज्यांची मैत्री टिकलेली नाही त्यांनी या टप्प्यासाठी वकिलाची फी अंदाजपत्रकात धरावी.

काय सुधारायचे आणि कशाला हात लावायचा नाही

पॅटर्न आहे, कागद आहेत आणि तक्रारी वेष्टनाच्या आहेत, असे ठरले तर कामाला लागावे. मात्र जुन्या गेममधील उणिवांपैकी काही उणिवा भार पेलत असतात. ऑक्टोबर २००४ मध्ये आलेल्या 'जीटीए सॅन अँड्रियास'मध्ये दूरवरचे धुके यंत्राची मर्यादा झाकण्यासाठी होते, पण त्याच धुक्यामुळे तीन शहरे एकमेकांपासून लांब वाटत. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत धुके गेले, आणि विमानातून पाहता सारा प्रदेश एका नजरेत मावू लागला. त्याच संचात दुकानांच्या पाट्या यांत्रिक पद्धतीने मोठ्या करताना काही अक्षरे चुकीची उमटली. पाटीवरील मजकुरात मूळ चित्रकाराने केलेला विनोद यंत्राला कळत नाही. म्हणून मजकूर असलेले प्रत्येक चित्र माणसाने डोळ्यांनी तपासलेच पाहिजे.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या, वाढवणे हे सर्वांत मोहाचे आणि सर्वांत धोक्याचे काम आहे. पुष्कळ जुन्या गेममध्ये वेळ सेकंदांत न मोजता फ्रेममध्ये मोजलेला असतो. 'डार्क सोल्स २'च्या संगणकावरील आवृत्तीत सेकंदाला साठ फ्रेम होताच शस्त्रे दुप्पट वेगाने झिजू लागली होती, ती याच कारणाने. फ्रेम रेट बदलण्यापूर्वी कोडमध्ये जिथे जिथे फ्रेमगणिक काही वजा किंवा अधिक होते, त्या जागा शोधून त्यांची यादी करावी. दोन वस्तू एकमेकींना भिडल्या का हे ठरवणाऱ्या अदृश्य आकारांबाबतही हीच काळजी घ्यावी. 'क्रॅश बँडिकूट'च्या २०१७ मधील संचात पात्राच्या पायाखालचा अदृश्य आकार गोलसर झाल्याने कडेवरून पाय घसरू लागला, आणि मूळ गेम पाठ असलेल्या खेळाडूंच्या उड्या चुकू लागल्या.

या बाबतीत 'डायाब्लो २ रिझरेक्टेड'ची पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. २००० सालच्या गेमचे गणित आत तसेच चालू ठेवून २०२१ मध्ये त्यावर नवे चित्र चढवले, आणि एका बटणावर जुने चित्र पुन्हा पाहण्याची सोय ठेवली. लहान गटाला हे महाग पडेल असे वाटते, पण ते बटण काम चालू असताना सर्वाधिक उपयोगी पडते, कारण आपण काय बिघडवले हे लगेच दिसते.

जुनी आवृत्ती मात्र कोणत्याही परिस्थितीत काढून घेऊ नये. २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट ३'ची नवी आवृत्ती आली तेव्हा जुना गेम असलेल्यांनाही नव्याच प्रणालीवर यावे लागले आणि काही जुन्या सोयी नाहीशा झाल्या. लोकांचा संताप नव्या चित्रांपेक्षा या सक्तीवर अधिक होता. जीटीएच्या संचाबाबतही प्रकाशकाला माफी मागून संगणकावरील जुन्या आवृत्त्या पुन्हा विक्रीला ठेवाव्या लागल्या.

पैशाचे गणित

मोठ्या कंपन्या रीमास्टरकडे का वळतात हे समजणे अवघड नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात सादर झालेल्या कागदपत्रांतून 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'चा निर्मितिखर्च सुमारे २२ कोटी डॉलर असल्याचे बाहेर आले. एवढी रक्कम अनोळखी नव्या कल्पनेवर लावण्यापेक्षा, लोकांनी आधीच पसंत केलेल्या गेमवर तिचा एक अंश लावणे त्यांना सुरक्षित वाटते.

आपला हिशेब निराळा असतो. लहान गेममध्ये चित्रांचा आणि ध्वनीचा खर्च मुळातच कमी असतो. वेळ जातो तो खेळात गंमत कुठे आहे हे शोधण्यात, केलेले मोडून पुन्हा करण्यात. रीमास्टरमुळे नेमका हाच वेळ वाचतो, पण जुन्या खेळातील गंमत आजही शाबूत असेल तरच. ती शाबूत नसेल तर आपण चित्रांचा पूर्ण खर्च करतो, शोधाचाही पूर्ण खर्च करतो आणि वर जुन्या आठवणीशी होणारी तुलना अंगावर घेतो. ही तुलना किती जड जाते याचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. २००३ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा रीमेक युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंनी हाती घेतल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. पहिल्या चित्रफितीतील दृश्यांवर टीका झाली, प्रकाशन पुढे ढकलले गेले, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. एखादा अनोळखी नवा गेम तेवढ्याच दर्जाच्या चित्रफितीनिशी आला असता, तर त्याच्यावर एवढी टीका झाली असती असे मला वाटत नाही.

अंदाजपत्रक करताना दोन स्तंभ शेजारी शेजारी लिहावेत, आणि रीमास्टरच्या स्तंभात जुना कोड चालू करण्याचे आठवडे, हक्कांची कागदपत्रे आणि जुन्या आवृत्तीशी तुलना करून घेण्याची चाचणी या तीन ओळी न विसरता घालाव्यात. रीमास्टरचा खर्च नव्या गेमच्या निम्म्याहून वर जाऊ लागला, तर मी नव्या गेमच्या बाजूने कौल देईन.

जतन करणे हाच आपला खरा हेतू असेल, तर यांपैकी काहीच करण्याची गरज नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात विकत मिळत नाहीत असे आढळले. कोल्हापूरकरांना हे नवे नसावे. मूकपटांच्या काळात या गावाने केलेले बहुतेक चित्रपट आज कुणालाही पाहता येत नाहीत. असा गेम वाचवायचा असेल तर तो आहे तसा, त्याच्या खोडींसकट उपलब्ध करून द्यावा आणि शक्य असल्यास सोर्स कोड खुला करावा. 'डूम'चा कोड १९९७ मध्ये खुला झाला, आणि त्याच्या निर्मात्यांनी कल्पनाही केली नसेल अशा यंत्रांवर लोक तो गेम आजही चालवतात.

आम्ही काय ठरवले

कुस्तीच्या गेमचे रीमास्टर आम्ही केले नाही. २०१३ ची प्रत खटपटीने चालू करून, फक्त नव्या फोनवर उघडेल एवढी डागडुजी करून आम्ही ती फुकट ठेवली, बारा फ्रेमच्या विलंबासकट. चार कुस्त्या मारणाऱ्या मित्राचे त्यावर समाधान आहे. नव्या गेममध्ये हौदा आहे, तीच हलगी आहे, कारण तिचे ध्वनिमुद्रण अजून खणखणीत होते. पण डाव बटणाने न लागता बोटाच्या ओढीने लागतात, आणि नाव वेगळे आहे. भाच्याने त्यात पहिल्याच कुस्तीत पट काढला.

नवा गेम सुरू करतानाच आम्ही पॅटर्नची व्यवस्था लावली. एक प्रत ऑफिसात असते, दुसरी क्लाउडवर, आणि तिसरी पन्हाळ्यावर माझ्या आत्याच्या कपाटात, जिथे पंचगंगा कितीही फुगली तरी पोहोचणार नाही. प्रतीसोबत छापील टिपण असते: इंजिनची आवृत्ती कोणती, कोणते प्लग-इन (इंजिनला जोडायचे बाहेरचे भाग) लागतात, कोणत्या क्रमाने काय जोडायचे, आणि कोणत्या मित्राचे कोणते पत्र कुठल्या फाइलमध्ये आहे. दर दिवाळीच्या सुट्टीत ती ड्राइव्ह खाली आणून, कोऱ्या संगणकावर केवळ त्या टिपणाच्या आधारे गेम बांधून पाहतो. गेल्या वर्षी एक प्लग-इन कुठून उतरवायचा हे टिपणात नव्हते. शोधून ते लिहून घातले आणि ड्राइव्ह पुन्हा वर पोहोचती केली.